काही जुने अल्बम फक्त जपानी इम्पोर्टमध्येच का मिळतात, आणि एवढे महाग का पडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तरच्या दशकातला एक अमेरिकन सोल-जॅझ अल्बम हवाय. अमेरिकेत त्याची सीडी एकदा कधीतरी निघाली, संपली, परत आलीच नाही. आता मिळते ती फक्त जपानी, आणि ती साध्या सीडीच्या तिप्पट भावात. विचारणाऱ्याचं म्हणणं असं की गाणी अमेरिकन, कंपनी अमेरिकन, मग सीडी जपानमध्येच का निघते, आणि एवढे पैसे मोजून आवाज तरी खरंच चांगला मिळतो का, की नुसतं "मेड इन जपान"चं नाव विकतात.

मी बरीच वर्षं इम्पोर्ट रेकॉर्डचा धंदा केलाय आणि मधे काही वर्षं रिइश्यूसाठी, म्हणजे जुने अल्बम पुन्हा काढण्यासाठी, लायसन्स मिळवायचं कामही केलंय, म्हणजे माल विकणारे आणि माल काढणारे दोघांचीही गणितं जवळून पाहिलीयत, त्यामुळे जरा लांबण लागली तरी नीट सांगतो.

आधी एक गोष्ट. "जपानी सीडी महाग का" असा प्रश्न घेतला की उत्तर चुकतं, कारण बऱ्याचदा ती जपानमध्ये महाग नसतेच. खरा प्रश्न असा आहे की हा अल्बम पुन्हा काढणं बाकी कुठे कुणाला परवडत नाही आणि जपानमध्ये परवडतं, ते कसं. त्याचं उत्तर कळलं की भावाचं कोडं बरंचसं सुटतं.

आणि हेही मान्य करतो की सगळ्या जपानी सीडी एका प्रकारच्या नसतात. मोठ्या कंपनीच्या जपानी शाखेनं काढलेली वेगळी, एखाद्या छोट्या जपानी लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं, लायसन्स घेऊन काढलेली वेगळी, आणि ऐंशीच्या दशकातली पहिली जपानी सीडी, जी आता फक्त सेकंडहँड मिळते, ती तर पूर्णच वेगळी. तिसऱ्या प्रकारात तुम्ही कलेक्टर लोकांनी वाढवलेला भाव देत असता, त्याचा कंपनीच्या गणिताशी काही संबंध नाही.

आता रिइश्यू म्हणजे नक्की काय काम असतं ते बघा, कारण बाहेरून वाटतं की टेप आहे, सीडी दाबली, विकली. आधी कुणाकडे हक्क आहेत ते शोधायचं. सत्तरच्या दशकातली कितीतरी छोटी लेबलं मोठ्यांनी गिळली, त्या मोठ्यांना अजून मोठ्यांनी गिळलं, आणि मूळ करार कुठल्या तरी गोदामातल्या खोक्यात. करारात काय लिहिलंय, रॉयल्टी कुणाला द्यायची, कलाकार हयात नसेल तर वारस कोण, हे वकिलानं बघायचं. मग मास्टर टेप, म्हणजे अल्बमची मूळ टेप, मागवायची. टेप आली की कधी कधी ती चालवण्याआधी मंद उष्णतेत तासन्‌तास तापवावी लागते, कारण त्या काळातल्या काही टेपांचं बाइंडर, म्हणजे टेपवरचा चुंबकी थर धरून ठेवणारा पदार्थ, ओल शोषून चिकट होतं आणि तशीच लावली तर हेडवर खरवडली जाते. मग टेपवरून डिजिटलमध्ये ट्रान्सफर, मास्टरिंग म्हणजे आवाजाची शेवटची जुळवाजुळव, कव्हरची मूळ फिल्म सापडली नाही तर चांगल्या अवस्थेतला एलपी आणून त्याचं स्कॅनिंग, नवीन लेख लिहून घेणं. हा सगळा खर्च तुम्ही पाचशे प्रती काढा नाहीतर पन्नास हजार, जवळजवळ तेवढाच येतो. प्रत्यक्ष डिस्क दाबायला त्यामानानं फारच कमी पैसे लागतात.

म्हणजे अल्बम हजारभर लोकांनाच हवा असेल तर प्रत्येक प्रतीवर त्या खर्चाचा मोठा वाटा बसतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीच्या कॅटलॉग डिपार्टमेंटला एवढ्या छोट्या कामाकडे बघायला वेळच नसतो, आणि हा मी दोष म्हणून सांगत नाहीये, तिथे चार माणसं हजारो अल्बम सांभाळत असतात आणि त्यांना जिथे विक्री जास्त तिथेच तास घालवावे लागतात. मग पर्याय उरतो तो बाहेरच्या छोट्या लेबलला लायसन्स द्यायचा. तिथे मोठी कंपनी किमान गॅरंटी मागते, म्हणजे विक्री होवो न होवो एवढ्या प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरा. छोट्या लेबलचा मालक कागदावर आकडे मांडतो, गॅरंटी, मास्टरिंग, छपाई, दुकानाचं कमिशन, न विकून परत येणारा माल, आणि बऱ्याचदा तिथेच विषय बासनात जातो. मी स्वतः असे कागद मांडलेत आणि आवडीचे अल्बम मनाविरुद्ध बाजूला ठेवलेत.

जपानी शाखेचं तसं नसतं. ती त्याच घरातली असल्यामुळे तिला बाहेरच्यासारखी आगाऊ गॅरंटी भरावी लागत नाही, विक्री झाली की ठरलेला वाटा मूळ कंपनीला जातो, बस. टेपची कॉपी किंवा आधी झालेलं डिजिटल मास्टर बऱ्याचदा तिच्याकडे पूर्वीपासून पडलेलं असतं. शिवाय त्या शाखांना बरीच मोकळीक असते. सोनीचंच बघा, जपानमधली सोनी म्युझिक ही न्यूयॉर्कच्या सोनी म्युझिकच्या हाताखाली नाही, ती वेगळी कंपनी म्हणून चालते, त्यामुळे काय काढायचं ते टोकियोत ठरतं.

ही सवय आजची नाही. जॅझवाल्यांना ब्लू नोट हे अमेरिकन लेबल माहीतच असेल. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ते लेबल जवळजवळ झोपलं होतं, १९८५ मध्ये ते नव्यानं उभं राहिलं, पण मधल्या काळात टोकियोची किंग रेकॉर्ड्स ब्लू नोटचे जुने अल्बम व्यवस्थित काढत होती, इतकंच नाही तर साठच्या दशकात रेकॉर्ड होऊन कपाटात पडलेली काही सेशन्स जगात पहिल्यांदा त्यांनीच एलपीवर आणली. म्हणजे ज्या संगीताला त्याच्या स्वतःच्या देशात गिऱ्हाईक नव्हतं ते तिथे विकलं जात होतं. मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

आता कायद्याचा भाग, आणि हा नीट समजून घ्या कारण सगळ्या गोष्टीचा कणा हाच आहे. जपानमध्ये "साईहान" नावाची पद्धत आहे. एरवी कंपनीनं दुकानदाराला "याच भावात विक" असं बजावणं तिथल्या मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही, पण १९५३ मध्ये दुरुस्ती करून काही वस्तूंना सूट दिली गेली आणि त्यात पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं यांच्याबरोबर रेकॉर्ड, टेप आणि पुढे सीडी आल्या. नव्वदच्या दशकात ही सूट काढून टाकायची बरीच चर्चा झाली, शेवटी २००१ मध्ये हा कायदा सांभाळणाऱ्या तिथल्या आयोगानं तूर्त ती ठेवायचं ठरवलं. म्हणजे कंपनीनं भाव ठरवला की गल्लीतल्या छोट्या दुकानातही तोच आणि टोकियोच्या सात मजली दुकानातही तोच. आजकाल बऱ्याच कंपन्या ही सक्ती ठरावीक मुदतीपुरतीच ठेवतात. तुमच्याकडे एखादी जपानी सीडी असेल तर तिच्यावर गुंडाळलेली कागदाची पट्टी असते ना, ओबी म्हणतात तिला, तिच्या मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरात भाव असतो आणि जवळच एक जपानी अक्षर आणि तारीख छापलेली असते. त्या तारखेपर्यंत भाव कमी करता येत नाही, तिच्यानंतर दुकानदार मोकळा.

याचा परिणाम काय होतो? अमेरिकेत मोठमोठ्या सुपरस्टोअर्सनी गिऱ्हाईक आत ओढायला हिट सीडी तोट्यात विकल्या आणि संगीताची खास दुकानं त्यात मेली. जपानमध्ये नवीन मालावर ते करताच येत नव्हतं. दुकानदाराला प्रत्येक सीडीमागे दोन पैसे सुटणार हे पक्कं माहीत, म्हणून तो वर्षात तीनच प्रती खपणारा अल्बमही रॅकवर ठेवतो. अमेरिकेतली टॉवर रेकॉर्ड्स २००६ मध्ये बंद पडली, जपानमधली टॉवर २००२ मध्येच मूळ कंपनीपासून वेगळी झाली होती आणि ती आजही चालू आहे. ती तर कंपन्यांकडून स्वतःसाठी खास रिइश्यू करून घेते, जे दुसरीकडे मिळतच नाहीत. जगातला दुसऱ्या नंबरचा संगीत बाजार तिथे आहे आणि त्यातला मोठा हिस्सा अजूनही डिस्कचा आहे, स्ट्रीमिंगचा नाही. साईहान हे एकमेव कारण आहे असं मी म्हणत नाही, लोकांच्या सवयी, जपून ठेवायची आवड हे सगळं आहेच, पण ठरलेल्या भावाशिवाय एवढी दुकानं टिकली असती असं मला वाटत नाही.

मग जपानी सीडीवर जास्तीची गाणी, म्हणजे बोनस ट्रॅक, असतात ते कुठून आले? तर या ठरलेल्या भावाला एक भोक होतं. इम्पोर्ट सीडीवर साईहान लागत नाही. डॉलर स्वस्त करण्यासाठी मोठ्या देशांनी केलेल्या १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्यानं वधारला, त्याआधी डॉलरला २४० येनच्या आसपास पडायचे ते १९८८ पर्यंत १३० च्या खाली आले, म्हणजे अमेरिकन सीडी जपानी माणसाला अचानक निम्म्या भावात पडायला लागली. तोच अल्बम, शेजारच्या रॅकवर, एक जपानी आणि एक अमेरिकन, आणि अमेरिकन कितीतरी स्वस्त. जपानी कंपनीला भाव पाडता येत नव्हता, मूळ कलाकाराकडून येणाऱ्या गाण्यांतही फरक करता येत नव्हता, मग त्यांनी कलाकाराकडे एखाददुसरं जास्तीचं गाणं मागायला सुरुवात केली, गाण्यांचे शब्द छापले, त्यांचं जपानी भाषांतर दिलं, जाणकारांकडून लांब लेख लिहून घेतले. तुम्ही आज ज्या "जपान ओन्ली बोनस ट्रॅक"साठी धडपडता तो मुळात टोकियोतल्या गिऱ्हाइकानं इम्पोर्ट घेऊ नये म्हणून टाकलेला आहे, परदेशातल्या तुमच्या-माझ्यासाठी नाही.

आता भाव. हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. जपानी शाखा जुन्या कॅटलॉगच्या मालिका काढतात, पन्नास-शंभर अल्बम एका दमात, आणि त्यातल्या कितीतरी १००० येन अधिक टॅक्स अशा भावात असतात, म्हणजे ११००. डॉलरला १५० येन धरले तर सात-साडेसात डॉलर झाले. पूर्ण भावाची रिइश्यू समजा २८६० येन, ती एकोणीस डॉलरच्या आसपास. प्लाझानंतर महाग झालेला येन आता उलटा फिरलाय, २०२४ मध्ये डॉलर १६० येनपर्यंत गेला होता, त्यामुळे टोकियोच्या रॅकवर ही सीडी आज परदेशी माणसाला खरं तर स्वस्त आहे. भाव वाटेत चढतो. साईहानमुळे घाऊक भावातही फार सूट नसते, एक्स्पोर्टर त्याच्यावर आपलं कमिशन लावतो, इम्पोर्टर विमानाचं भाडं भरतो, कस्टम आणि टॅक्स भरतो, मग दुकानाचा हिस्सा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हा माल परत जात नाही. देशी सीडी विकली नाही तर दुकानदार बऱ्याचदा परत करू शकतो, इम्पोर्टमध्ये मी दहा मागवल्या आणि सहा गेल्या तर उरलेल्या चार माझ्या गळ्यात. त्या चारांची किंमत पहिल्या सहांवर लावल्याशिवाय धंदा चालत नाही. तुम्ही जो तिप्पट भाव देता त्यात हा धोका मिसळलेला असतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. जपानी शाखेकडे हक्क जपानपुरते असतात, ती स्वतः जगभर घाऊक माल पाठवत नाही. बाहेर येतो तो दुसऱ्यातिसऱ्या हातानं. अमेरिकेत २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुस्तकांच्या एका खटल्यात निकाल दिला की परदेशात कायदेशीरपणे छापलेली प्रत विकत घेणाऱ्याला ती अमेरिकेत पुन्हा विकता येते, त्यामुळे तिथे बरंच मोकळं झालं. युरोपात युरोपियन युनियनच्या बाहेरून आलेल्या मालाला ती सवलत नाही. हाँगकाँगहून स्वस्त सीडी पाठवणाऱ्या एका वेबसाइटला लंडनच्या हायकोर्टानं २००७ मध्ये जबर भरपाई द्यायला लावली होती. म्हणून तिकडची मोठी दुकानं अशा मालापासून जपून राहतात, छोटे लोक थोडा थोडा आणतात, आणि थोडा आणला की प्रत्येक नगावर खर्च जास्त पडतो.

आता आवाज. इथे मी स्पष्टच बोलतो कारण लोक या बाबतीत फार पैसे वाया घालवतात. जपानमध्ये "जास्त चांगल्या आवाजाच्या" म्हणून खास प्रकारच्या सीडी निघतात, एसएचएम-सीडी २००८ च्या आसपास आली, २००८ मध्येच सोनीची ब्लू-स्पेक आली, नंतर यूएचक्यूसीडी वगैरे. यात डिस्कचं प्लास्टिक जास्त पारदर्शक आहे किंवा दाबायची पद्धत जास्त अचूक आहे, हे खरं. पण डिस्कवर गाणं ज्या डिजिटल आकड्यांत भरलेलं असतं ते आकडे तेच असतात आणि साधा धड प्लेअर साध्या सीडीवरूनही ते आकडे बरोबर वाचतो. फक्त प्लास्टिक बदललं म्हणून त्याच मास्टरिंगची दुसरी प्रत घेऊ नका. फरक पडतो तो मास्टरिंगनं. एखादी जपानी रिइश्यू मूळ टेपपासून नव्यानं केलेली असेल तर ती अप्रतिम असू शकते, आणि दुसरी, तितकीच देखणी, एलपीच्या छोट्या प्रतिकृतीसारखं जाड पुठ्ठ्याचं कव्हर, आतली पिशवीसुद्धा हुबेहूब, पण आत वीस वर्षांपूर्वी जोरात कॉम्प्रेस केलेलं, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबून टाकलेलं, तेच अमेरिकन रिमास्टर. ओबीवर किंवा आतल्या कागदावर रिमास्टरचं साल आणि इंजिनिअरचं नाव शोधा. साल दिलेलं नसेल तर बहुतेक वेळा जुनंच मास्टर आहे असं धरून चाला. आणि जपानकडे मूळ टेप असतेच असंही नाही, बऱ्याचदा त्या काळी पाठवलेली कॉपी असते. पण ती कॉपी नीट जपलेली आणि अमेरिकेतली मूळ टेप वाजवून वाजवून झिजलेली, असंही मी पाहिलंय, तेव्हा सरसकट नियम नाही.

ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या जपानी सीडींबद्दल दोन शब्द. त्यांच्या कॅटलॉग नंबरातच भाव असायचा, सीबीएस-सोनीची ३५डीपी म्हणजे ३५०० येन. सीडी कारखाने सुरुवातीला मोजकेच होते, अमेरिकेत दाबायला सुरुवात १९८४ मध्ये झाली, त्याआधी तिथे विकलेल्या सीडीही बाहेरूनच यायच्या. काही कलेक्टर या प्रती शोधतात कारण तेव्हा आवाज फुगवायची फॅशन नव्हती, टेप जशी आहे तशी उतरवायचे. बीटल्सच्या १९६९ च्या "ॲबी रोड" अल्बमची तोशिबा-ईएमआयनं १९८३ मध्ये काढलेली सीपी३५ नंबरची सीडी प्रसिद्ध आहे. त्यासाठी लंडनची परवानगी नव्हती म्हणून ती मागे घ्यावी लागली, आणि बीटल्सच्या अधिकृत सीडी १९८७ पर्यंत आल्याच नाहीत. अशा जुन्या डिस्कमध्ये एक फसगत असते, बऱ्याच डिस्क प्री-एम्फसिस लावून केलेल्या आहेत, म्हणजे वरचे सूर मुद्दाम वाढवून भरलेले असतात आणि प्लेअरनं ते परत खाली आणायचे असतात. सीडी प्लेअर ते आपोआप करतो. कॉम्प्युटरवर रिप केलं, म्हणजे गाणी फाइलमध्ये उतरवली, की बऱ्याचदा ते होत नाही, आणि मग लोक म्हणतात जपानी प्रेसिंग फार कर्कश आहे. डिस्क चांगली असते, फक्त रिप करताना डी-एम्फसिस, म्हणजे वाढवलेले सूर परत खाली आणणारं सेटिंग, लावा.

मग घ्यावी की थांबावं? हे अल्बमवर अवलंबून आहे. मोठ्या कंपनीच्या कॅटलॉगमधला बऱ्यापैकी नावाजलेला अल्बम असेल तर थोडं थांबायला हरकत नाही, तोच अल्बम काही वर्षांनी दुसऱ्या मालिकेत, कधी १००० येनवालीत, परत येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पण ओबीवर "जगात पहिल्यांदाच सीडीवर" अशा अर्थाचं लिहिलेलं असेल आणि काढणारं लेबल छोटं असेल तर थांबू नका. त्या एका छपाईत जेवढ्या निघाल्या तेवढ्याच, लायसन्सची मुदत चार-पाच वर्षांत संपते, पुन्हा छापायला परत तीच आकडेमोड करावी लागते आणि ती दुसऱ्यांदा सहसा जुळत नाही. "पहिल्या छपाईपुरती मर्यादित" असं लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या कव्हरवाल्या प्रतींचंही तेच, त्यांची नोंदणी आधी करावी लागते.

एकच सीडी इम्पोर्ट दुकानातून घेण्यापेक्षा चार-पाच एकत्र थेट जपानमधून मागवा, पोस्टेज विभागलं जातं, आणि निर्यातीवर तिथला १० टक्के टॅक्स लागत नाही, तो वजा करणारी दुकानं निवडा. आपल्या देशात किती ड्यूटी बसेल ते मात्र आधी बघून ठेवा. सेकंडहँड घ्यायला घाबरू नका. जपानमधल्या डिस्क युनियनसारख्या दुकानात प्रतीची अवस्था फार काटेकोर लिहिलेली असते, तिथे "किंचित खराब" म्हटलेली सीडी दुसरीकडे नवी म्हणून विकली जाते. ओबी हरवलेली असेल तर भाव बराच खाली येतो, ऐकण्याशी मतलब असेल तर तीच घ्या. आणि पुठ्ठ्याच्या कव्हरवाल्या सीडींच्या नकला बाजारात खूप आहेत. छपाई किंचित धूसर, ओबीचा कागद गुळगुळीत, आणि डिस्कच्या मधल्या पारदर्शक भागाजवळ कॅटलॉग नंबर कोरलेला नाही, असं दिसलं की तिप्पट काय, अर्ध्या भावातही घेऊ नका.

तुमच्या अल्बमच्या ओबीचा मागच्या बाजूचा फोटो आणि कॅटलॉग नंबर टाका. नंबर यूआयसीवाय, एसआयसीपी किंवा डब्ल्यूपीसीआर अशानं सुरू होत असेल तर ती मोठ्या कंपनीच्या शाखेची आहे आणि परत येण्याची शक्यता बरी आहे. दुसरं काही असेल तर लेबलचं नाव बघून सांगतो.